कोल्हापूर ते सिस्सू, जानेवारीत, स्वतःच्या गाडीनं: बर्फासाठी गाडी कशी तयार करायची?

गंगावेशीतला (५ डिसेंबर)

मंडळी, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परत एकदा मनाली आणि अटल बोगद्यापलीकडं सिस्सूला निघालोय, स्वतःच्याच गाडीनं. गाडी २०१६ ची डिझेल, टू व्हील ड्राइव्ह, सव्वा लाख किलोमीटर झालेली. जाऊन साधारण बावीसशे किलोमीटर, मुक्काम इंदूर, जयपूर, चंदीगड असे धरलेत. परत एकदा म्हणायचं कारण मागच्या वेळी फजिती झाली होती, ती आधी सांगतो, म्हणजे माझ्या प्रश्नांवर हसणार नाही तुम्ही.

सिस्सूत होमस्टेच्या अंगणात गाडी लावून झोपलो. सकाळी साडेसातला बाहेर आलो तर मालकाच्या मोबाइलवर उणे १२. पहिल्या सेल्फला गाडी नुसती कण्हली, तिसऱ्याला चालू झाली, मी खूश. दोनेक किलोमीटर गेलो असेन, हीटरमधनं गार वारंच येतंय म्हणून बघतो तर टेम्परेचरचा काटा लाल! बाहेर उणे १२ आणि इंजिन तापलंय, डोकंच चालेना. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, रेडिएटरचा वरचा पाइप हात लावू देईना आणि खालचा गारढोण. मागनं एक टेम्पोवाला आला, तिथलाच होता. त्यानं इंजिन निवू दिलं, मग कूलंटच्या टाकीचं झाकण काढलं. आत रंकाळ्यावर बर्फाच्या गोळ्याचा चुरा मिळतो ना, अगदी तसला चुरा, फिक्कट हिरवा, काकडीच्या पाण्यासारखा. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "पानी डाला था?"

डाला था. मी नव्हे, पण दर सर्व्हिसिंगला "साहेब, कूलंट जरा कमी होतं, पाणी टाकलंय" हे चार वर्षं ऐकत होतो आणि मान हलवत होतो. इथं चालून जातंय हो. रेडिएटरमधलं पाणी गोठतं हे शाळेत शिकलेला माणूस मी, पण गंगावेशीत कधी काय गोठलेलं बघितलंय?

दुपारपर्यंत उन्हात गाडी उभी केली, रेडिएटरपुढं पुठ्ठा लावला, मग हळूहळू मनालीला उतरलो. इंजिनचा ब्लॉक फुटला नाही ही अंबाबाईची कृपा.

तर आता कूलंट, बॅटरी, टायर, डिझेल, बर्फात चाकांना गुंडाळायची चेन, सगळ्याबद्दल सांगा. कंपनीचं पुस्तक वाचलंय, त्यात "अतिथंड हवामानात अधिकृत केंद्राशी संपर्क साधा" एवढंच आहे.

उद्यमनगरचा_फिटर

भावा, तुझं नशीब लई भारी म्हणून वाचलास. पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतंय, आणि बिडाला फुगणं म्हाईत न्हाय, ते तडकतंय. आपल्या गावात निम्मी लोकं ओतकाम करून खात्यात, कुणालाबी विचार.

आता नीट ऐक. खालचा कॉक सोडून कूलंट काढलं म्हणजे सगळं निघालं असं नसतंय. आठ लिटरची सिस्टम आसंल तर पाच-साडेपाच निघतंय, बाकीचं ब्लॉकमधी आन हीटरच्या जाळीत बसून ऱ्हातंय. मग लोक वरनं तयार मिक्स ओतत्यात आन निम्मंनिम्मं झालं म्हणून घरी जात्यात, आत मात्र पातळच. तू डिस्टिल्ड वॉटर भरून, गाडी गरम करून, हीटर फुल सोडून, दोन-तीनदा धुऊन काढ. धुणं झालं की पयलं चार लिटर निखळ कूलंट वत, मग डिस्टिल्ड वॉटरनं लेव्हल कर. बोअरचं पाणी अजिबात नको, आत खडे धरत्यात. निम्मंनिम्मं जमलं की उणे ३५ च्या बी पुढं काळजी न्हाय. आन मापून घे. रिफ्रॅक्टोमीटर आसतो, एक थेंब काचेवर टाकायचा आन डोळा लावायचा, गोठायचा आकडा समोर दिसतो. माझ्याकडं हाय, ये शेडवर, पैसं नको, येताना वडा घिऊन ये.

ऑइल कुठलं हाय? पंधरा डब्ल्यू चाळीस आसंल तर पुस्तक बघून पाच डब्ल्यू तीस चालतंय का ते बघ, ते थंडीत जास्त पातळ ऱ्हातंय. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. लोकांस्नी वाटतंय वेट.

थारवाला_पन्हाळा

एवढं कशाला टेन्शन घेताय, फोर बाय फोर घ्या भाड्यानं आणि नाद खुळा. मी मागच्या वर्षी गेलो होतो, फोर हाय (चारी चाकांना ताकद देणारा गिअर) टाकला की बर्फबिर्फ काही कळत नाही. आणि टायरची हवा वीसवर आणा, मालवणच्या वाळूत करतो तसं, ग्रिप मिळते.

मॉन्ट्रियलची_माहेरवाशीण

थारवाले दादा, रागावू नका पण हे वाचून अंगावर काटा आला. मी मूळची मंगळवार पेठेतली, इथं अकरावा हिवाळा चाललाय. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उलट्या पडलेल्या ज्या गाड्या आम्ही दर वर्षी बघतो त्यात फोर व्हील ड्राइव्हवाल्या रग्गड असतात, कारण चारी चाकांना ताकद मिळाली की गाडी झकास सुटते आणि माणसाला वाटतं रस्ता चांगलाय. थांबताना मात्र सगळ्यांना चारच चाकं आणि चारच ब्रेक, तुमच्या थारलाही आणि माझ्या छोट्या हॅचबॅकलाही. थांबवतो तो टायर.

आमच्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानंच लागतात. साधा टायर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतो, प्लास्टिकच्या चपलेसारखा. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. तुम्हाला तिथं असे टायर सहज मिळणार नाहीत हे कळतंय, म्हणून चेन. पण चेनही लावली आणि वर हवाही कमी केली, असलं काही करू नका. हवा कमी केली की चेन ढिली बसते आणि फेंडरच्या आत फटके मारते.

बोलेरो_कागल

ताई म्हणत्यात ते बरोबर. पण मला एक कळंना, गंगावेशीतलं साहेब, एवढं बावीसशे किलोमीटर जाऊन गोठायचंच कशाला? जानेवारीत आमच्याकडं या, गुऱ्हाळावर बसा, गरम काकवी खावा.

गंगावेशीतला

@बोलेरो_कागल दादा, काकवी आल्यावर खातो, पत्ता तयार ठेवा 😄

@फिटर भावा, रविवारी येतो शेडवर. टायरच्या हवेचं मात्र नीट कळलं नाही. थंडीत हवा कमी होते म्हणतात, मग इथनंच जास्त भरून जायची का? एकानं चाळीस सांगितली.

राजारामपुरीचे_मास्तर

चाळीस नको. हिशोब मांडतो, तीस वर्षं हाच धंदा केला.

कोल्हापुरात दुपारी ३२ अंशांना गार टायरात ३३ पीएसआय भरलीत असं धरू. पण गेज दाखवतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर, बाहेरचा दाब सुमारे १३.७. म्हणजे टायरच्या आत खरा दाब ४६.७. आता तापमान उणे ८ वर नेलं तर केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३) ३०५ चे २६५ झाले, आतला दाब ४०.६ वर आला. इथंच बर्फ पडला असता तर गेजवर २७ दिसले असते, आणि "थंडीत सहा-सात पीएसआय जातात" हे लोकांचं म्हणणं तिथनंच आलंय.

पण सिस्सू ३१०० मीटरच्या आसपास. तिथं बाहेरचा दाबच १० च्या घरात. म्हणून गेज दाखवील ३०.५. थंडीनं काढून घेतलं त्यातलं निम्म्याहून जास्त उंचीनं परत दिलं. फरक राहिला अडीच. तेव्हा इथनं जास्त भरून जाऊ नका, वाटेत मैदानात दुपारच्या उन्हात एक्सप्रेसवेवर टायर विनाकारण फुगलेले राहतील. मनालीत पोचल्यावर सकाळी, गाडी हलवायच्या आधी, कंपनीच्या आकड्याला आणून ठेवा. स्वतःचा गेज घ्या, पंपावरच्या गेजवर माझा विश्वास नाही.

आणि ब्रेकचंही सांगून ठेवतो. ताशी ३० च्या वेगानं कोरड्या डांबरावर चाकं घट्ट धरली तर गाडी पाचेक मीटरमध्ये थांबते. गुळगुळीत बर्फावर त्याच वेगाला ३५ मीटर. आपल्या गल्लीत सात घरं पुढं.

उद्यमनगरचा_फिटर

सर, दहावीला तुम्ही असतासा तर मी शेडवर नसतो 🙏

शाहूपुरी_हॅचबॅक

माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, नवीनच शिकलोय, मलाही जायचंय. पेट्रोलला काही लागतं का वेगळं?

उद्यमनगरचा_फिटर

पेट्रोल गोठायचं टेन्शन न्हाय. कूलंट, बॅटरी, वायपरचं पाणी एवढं बघ. पण नवीन शिकलास म्हणालास, तर मनालीपर्यंत ने आन पुढं तिथल्या ड्रायव्हरची गाडी कर. ह्यात लाज नसत्या.

डिझेलवाल्यांनो, तुमचं दुखणं येगळं हाय. फ्रिजमधी ठेवलेल्या तांबड्या रश्श्यावर सकाळी कशी चरबी गोठून साय धरत्या, तसं डिझेलमधलं मेण थंडीत सुटतंय आन फिल्टरात जाऊन बसतंय. गाडी सुरू व्हत्या, दोन मिनटं चालत्या आन गचकत्या. म्हणून इकडचं डिझेल पोटात भरून वर जायचं न्हाय. खाली टाकी रिकामी हुईल आसं बघायचं आन डोंगरातल्या पंपावर विचारून भरायचं. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ ला लडाखसाठी खास हिवाळी डिझेल काढलंय, ते उणे ३३ पर्यंत पातळ ऱ्हातंय. रॉकेल मिसळा म्हणून कुणी सांगंल, ते जुन्या ट्रकचं औषध. आत्ताच्या कॉमन रेल पंपाला (लई दाबानं डिझेल मारणाऱ्या) डिझेलचंच वंगण लागतंय, रॉकेलनं त्यो घासून जाईल आन बिल बघून तुम्ही गोठशीला. निघायच्या आधी डिझेल फिल्टरच्या तळचं पाणी सोडून घ्या, ते तर शून्यालाच गोठतंय.

धूर साफ करायला युरियाचं पाणी लागणारी नवीन डिझेल गाडी आसंल तर त्यो युरिया उणे ११ ला गोठतोय. घाबरू नका, टाकीत हीटर आसतोय, गाडी सुरू झाल्यावर वितळतंय. डबा मात्र डिकीत घिऊन फिरू नका, फुगून फुटला की वास जाता जाईना.

मॉन्ट्रियलची_माहेरवाशीण

बॅटरीबद्दल कुणीच बोललं नाही अजून. बॅटरी चार वर्षांची असेल तर निघायच्या आधीच बदला. कडाक्याच्या थंडीत तिची ताकद निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळं स्टार्टरला जास्त जोर लागतो. उतरलेली बॅटरी तर स्वतःच गोठते, भरलेली गोठत नाही, म्हणून रात्री गाडीत लाइट लावून गप्पा मारत बसू नका.

आता घरगुती गोष्टी, ज्या मी इथं आल्यावर एकेक चूक करून शिकले. रात्री हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, ओला झालेला असला की गोठून चिकटतो. सपाटीला गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड. वायपर उभे करून ठेवायचे, नाहीतर सकाळी काचेला चिकटलेले असतात आणि बटण दाबलं की रबर फाटतं किंवा मोटर जाते. काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, मी ओतलं होतं पहिल्या वर्षी, कड्ड करून एक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत. बिनकामाचं एटीएम कार्ड खरवडायला चालतं. आणि टपावरचा बर्फ झाडून मगच निघा, नाहीतर पहिल्या ब्रेकला सगळा ढीग पुढच्या काचेवर येतो आणि दिसतं शून्य.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. बर्फात अडकलात आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं झालं तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, दर थोड्या वेळानं परत करा, आणि एक काच बोटभर खाली ठेवा. तोंड बर्फानं बुजलं की धूर गाडीखालनं आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात गाड्या अडकून वीसपेक्षा जास्त माणसं गेली, त्यात गाडीत बसल्या बसल्या गेलेली कुटुंबं होती.

थारवाला_पन्हाळा

ताई, हे माहीत नव्हतं. आम्ही मागच्या वर्षी दोन तास तसंच बसलो होतो गाणी लावून.

गगनबावडा_धुकं

मी पावसाळ्यात करूळ घाट, आंबोली, फोंडा इतक्यांदा केलेत की मोजदाद नाही, आणि तरी पहिल्यांदा बर्फावर गेलो तेव्हा घाटातल्याच सवयींनी मला गोत्यात आणलं. आपण ओल्या घाटात काय करतो, वळणाच्या आधी ब्रेक दाबतो, गिअर टाकतो, वळणात ॲक्सिलरेटर देऊन गाडी ओढून घेतो. बर्फावर वळणात काहीच द्यायचं नसतं. सगळं वळणाच्या खूप आधी उरकायचं, दुसऱ्या गिअरमध्ये सोडून द्यायची आणि पाय शांत. सुटतानाही पहिल्याऐवजी दुसऱ्यात सोडा, चाक जागेवर फिरत नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारा) पायाखाली थरथरला तर घाबरून पाय उचलू नका, तो त्याचं काम करतोय.

पण पांढरा बर्फ दिसतो तरी. दिसत नाही तो खरा वैरी. बोगद्याच्या तोंडाशी, पुलावर, आणि ज्या वळणावर डोंगराची सावली दिवसभर हलत नाही तिथं डांबरावर काचेसारखा पापुद्रा असतो, वाटतं नुसता ओला रस्ता आहे. मला तिथल्या एका ड्रायव्हरनं खूण सांगितली: पुढच्या गाडीच्या चाकामागं बघ, रस्ता ओला दिसतोय पण तुषार उडत नाहीत, मग ते पाणी नव्हे. दुसरी खूण, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, जणू पुढची चाकं कुणी उचलून धरलीत. तेव्हा ब्रेक नाही, स्टिअरिंगला हिसका नाही.

बोलेरो_कागल

हे तर आमच्या कारखान्याच्या वाटंवर हाय की, मळीचा टँकर गळत गेला की अगदी असंच. मोटरसायकलवाली पोरं पटापट पडत्यात, आन प्रत्येक जण उठून म्हणतोय रस्ता तर बरा दिसत हुता.

गगनबावडा_धुकं

@बोलेरो_कागल एकदम बरोबर. मळीवर जो माणूस गाडी नीट चालवतो तो बर्फावर चालवेल.

शाहूपुरी_हॅचबॅक

चेन पुढं लावायची का मागं? यूट्यूबवर दोन्ही दिसतंय.

गगनबावडा_धुकं

इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना. तुझ्या हॅचबॅकला पुढं. @गंगावेशीतला, तुझी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर मागं. टायरच्या बाजूला छापलेला साइज जुळलाच पाहिजे. लावल्यावर शंभर पावलं चालव, उतर, परत आवळ. चाळीसच्या वर जायचं नाही आणि डांबर लागलं की काढायची, नाहीतर चेन, टायर आणि रस्ता तिघांची वाट. घरी अंगणात दोन-चारदा लावून बघ, हातमोजे घालून. उणे आठमध्ये उघड्या हातानं लोखंडाचा हूक अडकवायचा म्हणजे काय ते तिथं कळतं. आणि बर्फ पडल्यावर पोलीस चेन किंवा फोर बाय फोर बघूनच पुढं सोडतात, नाही म्हणाले की हुज्जत घालू नकोस.

गंगावेशीतला (१४ डिसेंबर)

रविवारी फिटर भावाच्या शेडवर जाऊन आलो. आधी सांगतो, मागच्या फजितीनंतर मी "कूलंट बदला" असं सांगून गाडी एका ठिकाणी दिली होती आणि बिलावर कूलंट बदलल्याचे पैसेही भरले होते. थेंब काचेवर टाकला, डोळा लावला, आकडा उणे ६. म्हणजे वरवर पाच लिटर बदललं, आतलं तसंच. भावा म्हणाला तंतोतंत तसं. पहिल्या धुण्याला गंजाचं तांबडं पाणी आलं, दुसऱ्याला चहा, तिसऱ्याला स्वच्छ. मग चार लिटर निखळ, वर डिस्टिल्ड. आता उणे ३६ दाखवतोय. बॅटरी नवी टाकली. वडे बारा नेले होते, सात त्यानं एकट्यानं खाल्ले, हे इथं नोंदवून ठेवतो.

चेन मागवली आणि गच्चीखालच्या पार्किंगमध्ये मागच्या चाकांना लावून बघितली. पहिल्यांदा पाऊण तास, चौथ्यांदा अकरा मिनिटं. शेजारच्या काकूंनी विचारलं, गाडी चोरीला जाईल म्हणून बांधताय काय.

गंगावेशीतला (२३ जानेवारी)

काल रात्री परत आलो. सिस्सूत दोन रात्री, सकाळी उणे १४, दुसऱ्या सेल्फला चालू, काटा मधोमध. हीटरमधनं गरम वारं आलं तेव्हा बायको म्हणाली, एवढ्यासाठी दोन महिने डोकं खाल्लंस का.

टायर मास्तरांसाठी मुद्दाम मोजले. कोल्हापुरात ३३ होते, सिस्सूत पहाटे ३०. सर, अर्ध्याचा हिशोब द्या.

तिसऱ्या दिवशी केलाँगला जायचं होतं, पण रात्री फूटभर बर्फ पडला आणि पोलिसांनी सगळ्यांनाच अडवलं, आमच्या चेनकडं बघितलंसुद्धा नाही. थार, फॉर्च्युनर, सगळे रांगेत. मग मॅगी खाल्ली आणि मागं फिरलो. येताना बोगद्याच्या मनालीकडच्या तोंडाबाहेर स्टिअरिंग हलकं लागलं, अगदी धुकं म्हणाला तसं. पाय उचलला आणि हात तसेच धरून बसलो. तीन सेकंद असतील. पुढच्या वळणापर्यंत कुणी काही बोललं नाही गाडीत.

राजारामपुरीचे_मास्तर

उणे ८ धरून ३०.५ काढले होते, तुम्ही उणे १४ सांगताय. सहा अंश जास्त थंडी, म्हणजे अजून एक पीएसआय कमी, २९.५ यायला हवे. तुमचा गेज अर्धा जास्त दाखवतोय.

मॉन्ट्रियलची_माहेरवाशीण

सुखरूप आलात, छान वाटलं. तिथं रस्त्यावर मीठ टाकलं असलं तर खालनं प्रेशरनं धुवून घ्या, चाकांच्या कमानी आणि ब्रेकचे पाइप विशेष. आमच्याकडं दहा वर्षांत मीठ पत्रा खाऊन टाकतं. मालवणला वाळूवर गाड्या घालणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे, नाव घेत नाही.

थारवाला_पन्हाळा

कळलं ताई 😅 उद्याच धुतो.

बोलेरो_कागल

साहेब, ती चेन आता वर्षभर पडूनच ऱ्हाणार न्हवं? ट्रॅक्टरला बसंल का? फडात चिखल झालाय, भरलेली ट्रॉली निघंना.

गंगावेशीतला

दादा, ट्रॅक्टरचं मागचं चाक माझ्या छातीएवढं, ही कुठली बसतेय. पण फिटर भावाला विचारून बघा, उद्यमनगरात काय बनत नाही. आणि काकवीचा पत्ता अजून आला नाही.

उद्यमनगरचा_फिटर

चाकाचं माप टाका. सोमवारी सांगतो.